डावा, उजवा आणि मधला खटका

घरी अँप्लिफायर जोडणाऱ्यांचा सगळा जीव ट्रान्सफॉर्मर आणि आयसीत अडकलेला असतो. टीडीए 2030 ही आयसी पुरे की एलएम 3886 हवीच, यावर तासन्‌तास वाद. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर, मात्र दुकानदार देईल तो. खरं तर आख्ख्या डब्यात रोज हात लागतो तो याच एका भागाला.

त्याची खोड मोठ्या आवाजात कळत नाही. रात्री घरचे झोपल्यावर नॉब जेमतेम फिरवला, की उजवा स्पीकर रुसतो आणि मधोमध बसलेली गायिका डाव्या कोपऱ्यात जाते. एका दांड्यावर कार्बनच्या दोन पट्ट्या, एक डाव्याची, एक उजव्याची. खालच्या टोकाला त्यांचं आपसात जमत नाही. दोन-तीन डेसिबलचा फरक, पण कान तेवढाही सोडत नाही.

हाच कान एरवी भारी आळशी. आवाज दुप्पट वाटायला त्याला साधारण दहापट पॉवर लागते. म्हणून पॉट लॉग हवा, म्हणजे नॉब फिरेल तसा आवाज कानाला सारख्या गतीने वाढतोय असं वाटायला लावणारा. लिनियर, म्हणजे रेझिस्टन्स सरळ प्रमाणात बदलणारा, लावला तर पहिल्या पाव फेरीतच सगळा दंगा उरकतो, पुढची फेरी शोभेची. त्यावर जुना जुगाड आहे: 100 के (किलोओहम) लिनियर पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला 15 केचा रेझिस्टर. नॉब मधोमध असताना आवाज साडेचौदा डेसिबलने खाली येतो, म्हणजे लॉगच्या बराच जवळ. दोन रुपयांत एवढं काम करणारा दुसरा भाग मला ठाऊक नाही.

तरी मी शेवटी पॉटच्या जागी खटक्यांचा स्विच बसवला, दर खटक्याला ठरलेल्या रेझिस्टरांवरून आवाज ठरवणारा. 24 खटके, दर बाजूला एक टक्क्याचे 23 मेटल फिल्म रेझिस्टर, म्हणजे एकूण 46. सोल्डरिंग करताना मान मोडते, पण गायिका कितीही हळू आवाजात जागची हलत नाही, खरखरही गेली. अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक खटका 2 डेसिबलचा. सातव्यावर मला ऐकू येत नाही, आठव्यावर आतून आईची हाक येते, ‘‘अरे, जरा कमी कर!’’ आणि त्या दोघांच्या मध्ये काहीच नाही.

सहा रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, वापरले तर 1 डेसिबलच्या 64 पायऱ्या मिळतात, वर रिमोटही जोडता येतो. फक्त तो रिमोट आईच्या उशाशी जाणार, हे उघड आहे.