भूल चढण्याआधी आणि उतरल्यावर

ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जनसमोर पोट असतं, भूलतज्ज्ञासमोर चेहरा. त्यामुळे शुद्ध हरपण्याआधी माणूस शेवटचं काय बोलतं, ते बहुधा आम्हालाच ऐकू येतं. राम, अल्ला, येशू, वाहेगुरू, नुसतंच ‘देवा’, नाहीतर ‘आई गं’. काहीजण मात्र घड्याळाकडे बघत गप्प राहतात, आणि तेही मला पटतं.

ही बाई दुसऱ्या खेपेची. बाळाला पोसणारी वार गर्भपिशवीच्या तोंडाशी होती, म्हणून सिझेरियन आधीच ठरलेलं. पाठीत स्पायनलचं इंजेक्शन दिलं, कमरेखालचा भाग बधिर झाला. बाकी ती पूर्ण जागी. ओठ हलत होते. तिचं नाव इथे देत नाही, तिच्या देवाचंही नाही.

घाबरलेल्या माणसाने देवाचं नाव घेणं वेगळं असतं. ते घाईचं असतं, मध्येच श्वास अडतो, मॉनिटरवर नाडी 120 च्या पुढे पळते. हिचं तसं नव्हतं. एका श्वासाला एकदा, सावकाश. नाडी ऐंशीच्या घरात. लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं होतं, की रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक सजग होते. तेवढं मी मानते. नाव घेतल्याने रक्त थांबतं, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

बाळ रडलं. ती हसली, तेच नाव पुन्हा घेतलं.

मग रक्तस्राव सुरू झाला. पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीतून मिनिटाला साधारण 600 ते 700 मिलिलीटर रक्त वाहत असतं. एरवी वार सुटली की पिशवी आवळते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पण वार खाली चिकटलेली असेल तर तिथला भाग नीट आवळत नाही. पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन चालू होतं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं, दुसऱ्या हाताला जाड सुई लावली, रक्तपेढीला फोन गेला. सर्जनचं बोलणं थांबलं. आमच्याकडे ही वाईट खूण. बीपी सत्तरवर आलं तेव्हा मी तिच्या कानाशी वाकले.

“ताई, रक्त जास्त जातंय. आता तुम्हाला पूर्ण झोपवावं लागेल.”

“उठेन ना मी?”

अशा वेळी मी वचन देत नाही. “आम्ही सगळे इथेच आहोत,” म्हटलं.

“बरं. तुम्ही तुमचं करा. मी त्याच्या हवाली.”

मास्कखाली ओठ हलत राहिले. भुलीचं केटामाइन गेलं आणि नाव अर्ध्यावर तुटलं.

पुढचं सगळं आमच्या नेहमीच्या भाषेत: टाके, दाब, पुन्हा टाके, रक्ताच्या पिशव्या, आणि शेवटी गर्भपिशवी काढण्याचा निर्णय. त्यावाचून ती वाचली नसती.

बऱ्याच वेळाने श्वासनळीतली नळी काढली. घसा बसलेला. मी तिला हाका मारत होते. डोळे किलकिले झाले आणि आधी तेच नाव आलं. स्वर शुद्ध हरपतानाचाच, सावकाश. बाळ कसं आहे, हे तिने अजून विचारलं नव्हतं. शरीरातलं काय गेलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. आपण हिशेब बघून आभार मानतो. हिने हिशेब मागितलाच नव्हता.

बायबलच्या 116 व्या स्तोत्रात एकच माणूस परमेश्वराच्या नावाने हाक मारतो: आधी ‘माझा जीव वाचव’ म्हणून, आणि नंतर तारणाचा प्याला हाती घेऊन, उपकार मानताना. मला ते वाचनात ठाऊक होतं. कानांनी ऐकलं त्या दिवशी.

गर्भपिशवीचं सांगितल्यावर मात्र ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हा नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची गोष्ट नव्हे.

सर्जन चहा पिताना करवादले होते, “घाम आपण गाळायचा आणि श्रेय वरच्याला!” त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. बायपासच्या 1,802 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास 2006 मध्ये छापून आला. अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नव्हती. पण ही बाई औषध म्हणून नाव घेतच नव्हती, त्यामुळे तो पुरावा तिला लागू कसा करायचा, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला तिने मला थांबवलं. ऑपरेशन थिएटरमध्ये कोण कोण होतं, ते एकेक करून विचारलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांसकट. मग म्हणाली, “आणि रक्त कुणाचं होतं?”

“रक्तपेढी दात्याचं नाव सांगत नाही, ताई.”

“मग त्यांच्यासाठीही त्याचंच नाव घेते.”

सर्जन शेजारी उभे राहून फाईल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “हिमोग्लोबिन साडेआठ आहे. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.”