'आरयूटी निगेटिव्ह' आणि ग्रंथींत घुसलेले न्यूट्रोफिल

माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला आलेल्या बायोप्सीसोबतच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: जठरदाह, आरयूटी (रॅपिड युरिएज टेस्ट, जठरातल्या जंतूची झटपट चाचणी) निगेटिव्ह. रुग्ण चाळिशीतला. कित्येक महिने रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, घेणारा. दुर्बिणीच्या दिवशीही ती चालूच. हे चिठ्ठीवर नव्हतं, फोन करून विचारावं लागलं. दरवेळी विचारावं लागतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आरयूटीत अस्तराचा कपचा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल तर त्याचं युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया बनवतं आणि जेल गुलाबी होतं. गोळी चालू असली की जंतू विरळ होतात, जठराच्या खालच्या टोकातून, अँट्रममधून, वर कॉर्पसकडे, म्हणजे जठराच्या मुख्य भागाकडे, सरकतात आणि रंग पिवळाच राहतो. म्हणून तपासणीआधी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवी. इथे तर तुकडेही दोनच, दोन्ही अँट्रमचे.

स्लाइडवर जंतू सापडेना. पण ग्रंथींच्या मानेशी, थेट अस्तराच्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, घुसले होते. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या दाहातल्या दुसऱ्या पेशी जुन्या आजाराच्याही उरतात, वर्षभरसुद्धा. न्यूट्रोफिल तसे रेंगाळत नाहीत. ते दिसले की आग आत्ता पेटलेली आहे, आणि जठरात तिचं सर्वात नेहमीचं कारण हाच जंतू.

नासधूस होते ती बरीचशी या न्यूट्रोफिलांच्या हातून. जंतूचं एक प्रथिन त्यांना बोलावतं आणि चेतवतं. ते ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायलोपेरॉक्सिडेज हे त्यांचं विकर त्याची क्लोराइडशी गाठ घालून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. इथवर कुठल्याही संसर्गात घडतं. जठरात मात्र युरिएजचा अमोनिया हजर असतो. तो या आम्लाशी मिळून मोनोक्लोरामाइन होतं आणि ते पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतं. जंतूपाशी कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही स्वतःची ढाल आहे, तो बहुतांशी निभावतो. मार बसतो अस्तराला. भरीला अस्तराच्या पेशींतलंच स्पर्मिन ऑक्सिडेज वाढून आतूनही पेरॉक्साइड तयार करतं आणि जठररसातलं क जीवनसत्त्व घटतं. डीएनएतल्या ग्वानिनचं ऑक्सिडीकरण झालं की पेशी विभागताना चुकीची जोडी लागते. 1994 साली या जंतूची नोंद निश्चित कर्करोगकारकांत झाली, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

मी 'सक्रिय जठरदाह, जंतू दिसले नाहीत. गोळी थांबवून पुन्हा तुकडे घ्यावेत' असं लिहिलं. दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांनी हुज्जत न घालता ऐकलं. असं फार थोडे करतात. या वेळी सिडनी पद्धतीने पाच तुकडे आले: अँट्रमचे दोन, कॉर्पसचे दोन, इन्सिसुराचा, म्हणजे या दोहोंमधल्या वळणाचा, एक, भाग वेगवेगळ्या बाटल्यांत. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी प्रत्येक तुकडा मेणात कडेवर उभा बसवला. आडवा बसला तर काप तिरका जातो, पृष्ठभाग आणि खाचा नीट दिसत नाहीत, आणि जंतू असतो तिथेच, वरच्या श्लेष्मात. या कामाचं कौतुक कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

गीम्सा या रंगाने स्लाइड रंगवून, तेल घालून शंभराच्या भिंगाखाली पाहिलं. कॉर्पसच्या खाचांत, श्लेष्माला चिकटून निळे, वाकडे, जेमतेम तीन मायक्रॉनचे जंतू. इन्सिसुराच्या तुकड्यात मात्र जंतू जवळपास नव्हतेच. तिथे जठराच्या जागी आतड्याचं अस्तर उगवलं होतं, गॉब्लेट या श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींसकट. असं अस्तर या जंतूला मानवत नाही.

चौदा दिवस बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पित्ताची गोळी. कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून, गोळी वेळेवर बंद ठेवून केलेली श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली, आणि या निगेटिव्हवर माझा विश्वास आहे. पुढच्या दुर्बिणीत न्यूट्रोफिल गेलेले होते. इन्सिसुराच्या गॉब्लेट पेशी तिथेच होत्या. आधीच्या तपासण्या गोळी थांबवून झाल्या असत्या, तर त्या पेशी उगवण्याआधी जंतू सापडला असता का, हे स्लाइडवरून सांगता येत नाही.