टस्कनीतली भाड्याची गाडी आणि परतल्यावर कापले गेलेले पैसे

टस्कनीहून परत येऊन अकरा दिवस झाले होते. बॅगा माळ्यावर गेल्या होत्या आणि फोटो नातेवाइकांना पाठवून झाले होते. सकाळी चहा घेताना नवऱ्याच्या फोनवर बँकेचा मेसेज आला: ४१२ युरो कापले गेले. नाव त्या गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचं. गाडी आम्ही वेळेत परत केली होती, टाकी भरून दिली होती आणि किल्ली हातात घेणारा माणूस ‘सगळं ठीक’ म्हणाला होता. कार्डाचं स्टेटमेंट उघडलं तर दोनच दिवसांपूर्वी आणखी ३८ युरो गेलेले. पुढे दोन महिन्यांनी ५४ युरो ९० सेंट गेले. आणि सगळं विसरल्यावर, सातव्या महिन्यात, इटलीहून रजिस्टर्ड पोस्टाने एक लिफाफा आला.

चारही रकमा वेगळ्या कारणाच्या होत्या आणि प्रत्येकीशी वागायची पद्धतही वेगळी होती. आम्ही सुरुवातीला पहिल्या दोन रकमांना एकाच रागाने भिडलो, त्यात वेळ वाया गेला. तुमचा तो वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा प्रवास आठ दिवसांचा. पिसा विमानतळावर गाडी घेतली, लुक्का, सान जिमिन्यानो, सिएना, वाल दोर्चातलं पिएंझा, मग फ्लॉरेन्स आणि परत पिसा. गाडी चालवणारा नवरा, कागदपत्रं माझ्याकडे, मागे अकरावीतली मुलगी. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी काढून घेतला होता. काउंटरवर दोन्ही मागितले.

पिसाला गाड्यांची ऑफिसं टर्मिनलमध्ये नाहीत, शटल बसने थोडं पुढे जावं लागतं. तिथे रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मागे बरेच लोक उभे होते आणि काउंटरवरची मुलगी भराभर बोलत होती. इथे घाई करू नका. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कार्डावर डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवून ठेवतात. आमच्या कार्डावर १२०० युरो अडकले. ते कापले जात नाहीत, पण खर्चाची मर्यादा तेवढी खाली येते, म्हणून हॉटेलसाठी दुसरं कार्ड जवळ असावं. मशीन ‘युरोत की तुमच्या चलनात’ असं विचारतं, तिथे युरोच निवडा. रुपयांत निवडलं की विनिमयाचा दर ते ठरवतात आणि तो महागात पडतो.

विम्याचं थोडं नीट समजून घ्यायला हवं. इटलीत भाड्यात अपघाताचं आणि चोरीचं कवच बहुतेक धरलेलंच असतं, पण नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा भाडेकरूच्या माथी असतो. त्याला तिथे ‘फ्रांकिजिया’ म्हणतात. टायर, रिम, काचा आणि गाडीचं पोट हे भाग अनेकदा त्या कवचाबाहेर असतात. हा हिस्सा शून्य करणारं महागडं कवच काउंटरवर विकतात. बाहेरच्या विमा कंपनीकडून तसंच कवच स्वस्तात मिळतं. आम्ही ते बाहेरचं घेतलं होतं. त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही: नुकसान झालं तर गाडीवाली कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे घेतेच. मग सगळी कागदपत्रं जमवून ते बाहेरच्या विम्याकडून वसूल करायचे तुम्ही. म्हणजे स्वस्त कवच घेतलं तरी कागद जपण्याचं काम टळत नाही.

आता मुख्य गोष्ट. गाडी ताब्यात देताना एक कागद देतात. त्यावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि आधीच्या ओरखड्यांच्या जागी फुल्या मारलेल्या असतात. आमच्या कागदावर मागच्या बंपरवर एकच फुली होती. गाडी छपराखाली अंधाऱ्या कोपऱ्यात उभी. मुलीने फोनचा टॉर्च धरला आणि मी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून व्हिडिओ घेतला. उजव्या पुढच्या चाकापाशी मुलगी म्हणाली, “आई, इथे बघ.” मी खाली बसले. रिमच्या कडेला अंगठ्याएवढी पट्टी खरवडलेली होती, वरचा रंग उडून आतला राखाडी धातू दिसत होता. बोट फिरवलं तर कडा लागत होती. तिथल्या माणसाला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, “छोटं आहे, काही नाही,” म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. कागदावर फुली मारली नाही. आम्ही हट्ट धरायला हवा होता, पण तो धरला नाही.

पण त्या रात्री लुक्काच्या हॉटेलात बसून मी एक केलं, आणि पुढे सगळं त्यावरच तरलं. चाकाचे दोन फोटो, गाडीची नंबरप्लेट आणि चाक एकाच चौकटीत दिसेल असा एक फोटो, आणि करार क्रमांक, एवढं कंपनीच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ईमेल केलं. मजकूर दोन ओळींचा: गाडी घेतानाच हे असं होतं, कागदावर नोंद झालेली नाही. त्यांचं उत्तर आलं नाही. यायची गरजही नव्हती. फोनमधला फोटो कधीचा यावर वाद घालता येतो. पण त्यांच्याच इनबॉक्समध्ये पहिल्या दिवशीची तारीख घेऊन पडलेल्या ईमेलवर वाद घालता येत नाही.

रस्त्यावरचे खर्च सोपे आहेत. महामार्गाला लागताना मशीनमधून तिकीट घ्यायचं, उतरताना अंतराप्रमाणे टोल भरायचा. पिवळी ‘टेलिपास’ लेन फक्त आपोआप टोल कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते, तिच्यात शिरू नका. चुकून पैसे भरायचे राहिले तर मशीन एक पावती देतं आणि १५ दिवसांत जादा रक्कम न देता भरता येतं. तेवढं केलं की ते प्रकरण कंपनीपर्यंत जात नाही. पार्किंगमध्ये पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. सिएनात सांता कातेरीनाच्या पार्किंगमधून सरकत्या जिन्यांनी थेट वर गावात जाता येतं, तिथे गाडी घेऊन वर जायचा विचारही करू नका.

आमची चूक झाली फ्लॉरेन्समध्ये. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झोना अ त्राफिको लिमितातो’ असतो, थोडक्यात झेडटीएल. ठरावीक वेळेत तिथे फक्त परवानगी असलेल्या गाड्या जाऊ शकतात. अडथळा नसतो, पोलीस नसतो. वर कॅमेरा असतो, तो नंबरप्लेट टिपतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खाली वेळा, बाजूला दिव्यांची पाटी. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘वार्को आत्तिवो’. नकाशा सांगत होता सरळ जा, पुढे एक बस चालली होती. ‘आत्तिवो’ म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू, असं आम्हाला वाटलं. अर्थ नेमका उलटा आहे: नाका चालू, म्हणजे कॅमेरा चालू, म्हणजे जाऊ नका. ‘नॉन आत्तिवो’ असेल तेव्हा जायला मोकळीक. ही दोन शब्दांची जोडी पाठ करून जा. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर त्यांना आधीच गाडीचा नंबर कळवा, सामान उतरवण्यापुरती नोंद ते करून देतात. आणि हॉटेल आत नसेल तर फ्लॉरेन्समध्ये गाडी नेऊच नका. शहराबाहेर व्हिला कोस्तांझा नावाचं पार्किंग आहे, ते थेट ए१ महामार्गाला लागून आहे. तिथे गाडी लावून टी१ ट्राम पकडली की साधारण वीसेक मिनिटांत सांता मारिया नोवेल्ला स्टेशन. आम्हाला हे नंतर कळलं.

परत करतानाही एक गोष्ट राहिली. पिसाला पोहोचायच्या आधी टाकी भरली. इटलीत पंपावर दोन दर असतात, ‘सेर्वितो’ म्हणजे माणूस भरून देतो, तो महाग, आणि ‘फाइ दा ते’ म्हणजे स्वतः भरा. पेट्रोल ‘बेंझीना’, डिझेल ‘गाझोलियो’. पावती घेतली, पण गाडी परत दिल्याचा सहीचा कागद मागितला नाही. रांग होती, विमान होतं, तो माणूस ‘ठीक’ म्हणाला आणि आम्ही निघालो. तोंडी ‘ठीक’ला काही किंमत नाही. ऑफिस बंद असताना किल्ली पेटीत टाकणार असाल तर आणखी जपा, कारण पुष्कळ करारांत दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस गाडी पाहीपर्यंत जबाबदारी तुमची असते. अशा वेळी उभ्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो, शिवाय इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा एक फोटो घ्या.

३८ युरो पेट्रोलचे निघाले. टाकी पूर्ण भरलेली नव्हती असं त्यांचं म्हणणं, त्यात भरून घेण्याचं शुल्क. मी पाकिटातली पावती काढली तर ती जवळजवळ कोरी झालेली. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हाने आणि घामाने उडते. सुदैवाने पंपावरच तिचा फोटो काढला होता. त्यावर पंपाचा पत्ता, लीटर आणि वेळ होती, विमानतळापासून काही मिनिटांवरचा पंप. तो फोटो पाठवल्यावर चार दिवसांत पैसे परत आले. पावती हातात पडली की तिथल्या तिथे फोटो काढा.

४१२ युरो चाकाचे: ३४० दुरुस्तीचे आणि ७२ नुकसानीचं प्रकरण हाताळण्याचे. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना फोन केला, अर्धा तास संगीत ऐकलं आणि हाती काही लागलं नाही. फोन करूच नका, सगळं लेखी. दुसऱ्या दिवशी ईमेलमध्ये चार गोष्टी मागितल्या: गाडी परत आल्यावर काढलेले तारखेचे फोटो, दोन्ही वेळच्या तपासणीचे कागद, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, आणि ज्या कलमाखाली पैसे घेतले ते कलम. शेवटी एक ओळ: खुलासा येईपर्यंत ही रक्कम मला मान्य नाही. सहाव्या दिवशी छापील उत्तर आलं, सोबत चाकाचा एक फोटो. तीच पट्टी, तीच जागा. मी पहिल्या रात्रीची ईमेल जशीच्या तशी पुढे पाठवली आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून एक चित्र जोडलं.

त्याच दिवशी बँकेला कळवलं की हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. बँक तक्रारीला ठरावीक मुदत देते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. आधी कंपनीला लेखी विचारल्याचा पुरावा बँक मागतेच, तो आमच्याकडे होता. आणि घाबरून कार्ड बंद करू नका. त्याने देणं मिटत नाही, परतावा मात्र अडकू शकतो. एकोणिसाव्या दिवशी पूर्ण ४१२ युरो परत आले. सोबत माफी नव्हती, पत्रही नव्हतं.

५४ युरो ९० सेंटवर मी भांडले नाही. ती रक्कम म्हणजे दंड नव्हे. शहराच्या पोलिसांनी कंपनीला विचारलं की त्या दिवशी गाडी कुणाकडे होती, कंपनीने नवऱ्याचं नाव आणि पत्ता कळवला, त्या कारकुनीचं हे शुल्क. एक नाव कळवायला एवढे पैसे जास्त आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण करारात रक्कम छापलेली होती आणि खाली आमची सही होती. ओळखीत दोघांनी हे शुल्क गेल्यावर दंड भरला गेला असं समजून पुढे आलेला लिफाफा फेकून दिला. तसं करू नका. शुल्क कापलं गेलं की समजा, खरी नोटीस वाटेवर आहे.

ती यायला वेळ लागतो. इटलीबाहेर राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने ३६० दिवस दिले आहेत. आमच्या लिफाफ्यात इंग्रजी मजकूरही होता: तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा, नंबरप्लेट. आधी हे चार तपशील आपल्या प्रवासाशी जुळवून पाहा. गाडी परत केल्यानंतरची तारीख असेल तर करार जोडून हरकत घेता येते, प्रीफेक्टकडे, म्हणजे सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीकडे, ६० दिवसांच्या आत. आमचे तपशील जुळत होते, चूक आमची होती. झेडटीएलचा दंड ८३ युरो, पण नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे ५८ युरो १० सेंट, अधिक नोटिशीचा खर्च. ६० दिवसांनंतर रक्कम खूप वाढते. पोस्टमनकडे सही केली ती तारीख लिफाफ्यावर लगेच लिहून ठेवा, कारण ५ दिवस तिथून मोजायचे. बँकेतून परदेशी पैसे पाठवायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून नोटिशीत दिलेल्या संकेतस्थळावर कार्डाने भरणं बरं.

आम्ही तिसऱ्या दिवशी भरला. पावती छापली आणि नोटीस, गाडीचा करार व लुक्काहून पाठवलेली ती ईमेल यांच्यासोबत एका पाकिटात ठेवली. न भरलेला दंड तिथे पाच वर्षांपर्यंत वसूल करता येतो, म्हणून पाकिटावर पाच वर्षांनंतरची तारीख घातली आहे.