बॉलवर ११० किलो

शेठ आले ते भांडायच्या तयारीनेच. "टायरमध्ये फॉल्ट आहे. ट्रेलर मागे शेपूट हलवतो. बदलून द्या." टायर आमच्याकडून घेतलेले नव्हते, बसवलेही आम्ही नव्हते. पण गिऱ्हाईक चिडून आलं की आधी ऐकून घ्यायचं आणि बिल कुणाचं ते नंतर विचारायचं, ही आमच्या मालकांची शिकवण. मी अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या कामावर असतो, त्यामुळे "गाडी सरळ चालत नाही" या सदराखाली येणारं सगळं शेवटी माझ्याच पिटवर येतं. त्यात निम्म्या वेळा अलाइनमेंटचा दोष नसतो, हे सांगून कुणाला पटत नाही.

गाडी म्हणजे चार दारांचा पिकअप, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. मागे दोन अ‍ॅक्सलचा उघडा ट्रेलर, त्यावर मिनी एक्स्कॅव्हेटर. कंपनीचा टायर होता २६५/७० आर १७. आता खाली होते २८५/७५ आर १७, मड-टेरेन, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांत दोन इंचांचं लिफ्ट किट. दिसायला गाडी जबरदस्त होती, खोटं कशाला बोलू. आमची पोरं लगेच फोटो काढायला लागली. टायर विकले जातात तेही असेच, फोटो बघून. गाडी ओढते काय, हा प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक आपण होऊन सांगत नाही आणि विकणाऱ्याला ऐकायचं नसतं.

आकड्यांचा हिशोब सोपा आहे. २८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के साइडवॉलची उंची, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, मध्ये १७ इंचांचा रिम. जुना टायर उभा भरतो ८०३ मिलिमीटर, नवा ८५९. फरक ५६ मिलिमीटर, म्हणजे ७ टक्के. शेठ म्हणाले, "मास्तर, सात टक्क्यांनी काय होतंय?"

मी त्यांना गाडीत बसवून मोबाइलवर जीपीएसचा वेग लावायला सांगितला आणि ट्रेलर न जोडता एक चक्कर मारून आणलं. काटा ८० वर असताना मोबाइल ८५-८६ दाखवत होता. शेठना यात गंमत वाटली. मला नाही वाटली. ट्रेलरच्या डोलण्याचं असं असतं की एका वेगापर्यंत ते सुरू झालं तरी आपोआप मरतं आणि त्या वेगाच्या वर गेलं की प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातं. सीमा कुठे आहे ते त्या त्या जोडीवर अवलंबून. तुम्ही ८० समजून ८६ ने चाललात तर सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. शिवाय चाक मोठं म्हणून तेवढाच ब्रेक दाबला तर रस्त्यावर पोचणारा जोर ७ टक्के कमी. ओढण्याचंही तेच. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचा रेशो ३.७३ होता, तो आता ३.४८ असल्यासारखा वागणार. शेठनी कबूल केलं की चढाला गाडी हल्ली सारखी गिअर खाली-वर करते. गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी काढून नाकाशी धरली, हलका जळका वास येत होता. अजून काळं पडलं नव्हतं, पण वाट तिकडचीच होती.

मग हवा पाहिली. चारही चाकांत ३५ पीएसआय. दारावरच्या स्टिकरवर ३५ लिहिलंय, म्हणून बसवणाऱ्याने ३५ भरली आणि मोकळा झाला. याचा मला खरोखर संताप येतो. ते स्टिकर कंपनीच्या मूळ टायरसाठी असतं. हा टायर एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचा, जास्त वजन पेलणारा, लोड रेंज ई, शेठच्या भाषेत "दहा प्लाय". साइडवॉलवर १२१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला १४५० किलो. पण ते १४५० पूर्ण हवेला, आणि या टायरची पूर्ण हवा ८० आहे. त्याच हवेला साधा टायर जेवढं पेलतो त्यापेक्षा एलटी टायर कमी पेलतो, हे टायर बसवणाऱ्या किती जणांना माहीत आहे, देव जाणे.

ट्रेलर जोडलेलाच ठेवून मी मागच्या चाकांच्या नक्षीवर खडूने आडव्या जाड रेघा मारल्या आणि गाडी सरळ पुढे नेऊन आणली. दोन्ही कडांना रेघ पुसली गेली, मध्ये जशीच्या तशी. म्हणजे टायर कडांवर बसलाय, मधला भाग नुसता टेकतोय. एवढ्या हवेने टायर फुटला असता असं मी म्हणणार नाही, वजन पेलण्याइतकी हवा होती. साइडवॉल ताठ राहण्याइतकी नव्हती. उंच साइडवॉल, त्यात हवा कमी, त्यात मड-टेरेनचे उंच ठोकळे जे स्वतःच खोडरबरासारखे वाकतात; ट्रेलरने मागून बाजूला ढकललं की गाडीचा मागचा भाग आधी टायरवरच डुलणार. पाच-पाच करत हवा वाढवत गेलो. ४५ ला रेघ सगळ्या रुंदीत सारखी पुसली. शेठ म्हणाले, "झालं?"

बहुतेक दुकानांत इथे झालंच असतं. आमच्या मालकांनी तर ट्रेलरचं डोलणं आवरणाऱ्या अँटी-स्वे बारचा डबा गोदामातून बाहेर काढायलाही सांगितला होता. त्यांचा धंदा आहे, मी दोष देत नाही. बार वाईट वस्तू नाही. पण ट्रेलर का डोलतोय हे न शोधता बार लावणं म्हणजे आवाज येतो म्हणून रेडिओ मोठा करणं.

मला खटकत होतं ते वेगळंच. बंपरखालच्या हुकाचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा, लिफ्ट आणि टायर मिळून आठ सेंटिमीटर वर गेला होता, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर होतं, हे लांबूनही दिसत होतं. पण मागे अडीच टनांचा ट्रेलर लावूनही पिकअपचे मागचे पाटे जवळजवळ रिकाम्या गाडीसारखेच कमानदार होते. हे कसं? ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर हवं. त्यामुळे मागून गाडी थोडी बसायलाच पाहिजे. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. तिथे तीनशे किलो टेकवले की पुढचा अ‍ॅक्सल शंभरेक किलोने हलका होतो आणि मागच्यावर चारशेच्या वर जातात. इथे ते दिसतच नव्हतं.

मी ट्रेलरवर चढलो. एक्स्कॅव्हेटरचं पुढचं ब्लेड जिथे टेकवतात तिथे पत्र्यावर खूण पडते. जुनी खूण खोल होती, रंग गेलेला, कडेने गंज धरलेला. तिच्या मागे दुसरी खूण होती, नवी, चकचकीत. दोघींत टेप धरला तर चाळीस सेंटिमीटर. साखळ्याही तिरप्या ओढलेल्या होत्या, कारण त्यांच्या कड्या जुन्या जागेच्या हिशोबाने वेल्ड केलेल्या.

शेठ फोनवर बोलत बाहेर गेले तेव्हा मी मशीनच्या ऑपरेटरला विचारलं, "दादा, मशीन मागे कधीपासून लावता?" तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, "टायर घातल्यापासून. गाडी मागून बसली की शेठ ओरडतात. एवढा खर्च केला आणि गाडी ढुंगण टेकून चालतेय, म्हणतात. मशीन जरा मागे घेतलं की गाडी सपाट दिसते."

आम्ही सगळं लटांबर घेऊन वजनकाट्यावर गेलो. आधी ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त पिकअपची चाकं: २४५० किलो. मग ट्रेलर सोडून नुसता पिकअप, डिझेल तेवढंच, आत बसणारा तोच: २३४०. बॉलवर ११० किलो. नुसता ट्रेलर २५००. म्हणजे साडेचार टक्केसुद्धा नाही. काटेवाल्याला वाटलं आम्ही त्याचा काटा तपासायला आलोय. तो तेवढ्यात शेजारी उभा राहून आकडे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होता.

तिथेच बाजूला घेऊन ऑपरेटरने मशीन पुढे घेतलं, ब्लेड जुन्या खुणेवर आणलं, साखळ्या सरळ झाल्या. पुन्हा काटा. बॉलवर ३००. गणितही तेच सांगतं: मशीन पावणेदोन टनांचं, चाळीस सेंटिमीटर सरकवलं, बॉलपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत ३.६ मीटर. सुमारे १९५ किलोंचा फरक यायलाच हवा होता, काटा दहा-दहाने मोजतो हे धरून तो बरोबर आला. असं गणित काट्यावर उतरलं की मला अजूनही बरं वाटतं.

शेठना बरं वाटलं नाही. "परत मागून बसली ना!" हे त्यांचं पहिलं वाक्य. अडीच टन मागे शेपटासारखे हलत होते, समोरून वाहनं येत होती, आणि माणसाला गाडीची पाठ सरळ हवी आहे. मी आवाज चढवला नाही. ऑपरेटरने मात्र शेठसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "शेठ, चालवतो मी."

पुढचं काम दुकानात झालं. बॉलचा माउंट बदलून आठ सेंटिमीटर खाली उतरवला, आता ट्रेलर जमिनीला समांतर. मागून बसण्याचं दुःख कमी व्हावं म्हणून वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर परत वाटणारा स्प्रिंग-बारचा हिच सुचवला, तो शेठनी घेतला. त्यात मालकही खूश. स्कॅनर लावून कॉम्प्युटरमध्ये चाकाचा नवा साइज भरला, वेगाचा काटा खरं बोलायला लागला. अलाइनमेंट केली. लिफ्टनंतर कुणी केलेलीच नव्हती, टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बरंच चुकलेलं होतं. ट्रेलर असताना वरचा गिअर बंद ठेवायचा हे ऑपरेटरला दाखवलं. नट टॉर्क पान्याने आवळून दिले आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत परत तपासायला सांगितले.

दोन गोष्टींना शेठ तयार झाले नाहीत. एक स्टेपनी. खाली अजून जुनी २६५ लटकतेय, कारण नवा टायर तिथे मावतच नाही. मागचं चाक पंक्चर झालं आणि ही लावली की एकाच अ‍ॅक्सलवर दोन उंचीची चाकं, वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे डिफरेन्शियलचे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहणार. "हळू नेऊ." बरं. दुसरं, रेशो. ३.७३ काढून ४.१० चं क्राऊन-पिनियन टाकलं तर मूळ ओढ परत येते, किंबहुना थोडी जास्तच. पण फोर बाय फोर असल्यामुळे पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. खर्च ऐकून शेठ हसले.

यावर दुकानात अजून वाद चालू आहे. आमचे जुने मिस्त्री म्हणतात, टायरचा काही संबंध नाही, मशीन मागे घेतलं म्हणून डोललं, जुन्या टायरवरही डोललं असतं. मालक म्हणतात, सगळं टायरमुळे, जुना साइज घाला. मी दोघांशीही सहमत होत नाही. ११० किलोवर तो ट्रेलर कधी ना कधी डोललाच असता, हे खरं. पण टायर मोठे घातले नसते तर गाडी मागून बसलेली कुणाच्या डोळ्यांत खुपली नसती, मशीन मागे गेलं नसतं, आणि ८० चे ८६ झाले नसते. हवा, वेग, नाक वर आणि मशीन मागे, यातलं कुठलं एक काढलं असतं तर शेपूट हललं नसतं, हे सांगायला मला तीच गाडी तशीच पुन्हा जोडून रस्त्यावर न्यावी लागेल. ते मी करणार नाही.

ऑपरेटरचा परवा फोन आला. डोलणं बंद आहे, त्याने जुन्या खुणेवर पिवळ्या रंगाची पट्टी मारून घेतलीय. पण चढाला गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला, तेव्हा शेठ आता रेशो बदलायला तयार आहेत, फक्त मागचाच. "फोर बाय फोर मी लावतच नाही" असं त्यांचं म्हणणं. मशीन चिखलात उतरवणाऱ्या माणसाचं हे म्हणणं. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० ठेवून एकदा जरी फोर बाय फोर लावला तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची वाट लागेल. मी नाही म्हणून सांगितलं आणि ते मालकांकडूनही वदवून घेतलं. दादा म्हणाला, शेठनी आणखी दोन ठिकाणी विचारलंय.