करंजाच्या पानावरची गुलाबी कॉलनी: कुठवर आलोय

करंजाच्या पानावरून वेगळ्या काढलेल्या जीवाणूंच्या फिकट गुलाबी कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या ठिपक्याचा) १६एस क्रम हाती आला, म्हणजे जीवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकातल्या डीएनए-अक्षरांचा क्रम. वंश पक्का झाला, मिथायलोबॅक्टेरियम. प्रजाती मात्र अजून ठरलेली नाही, आणि एवढ्या एका क्रमावर ती ठरणारही नाही.

पानांवरचे जीवाणू वाढवून ओळखण्याच्या या छंदात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पान वाढताना पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमधून मिथेनॉल सुटतं आणि पर्णरंध्रांवाटे बाहेर पडतं. हे जीवाणू त्यावर पोट भरू शकतात. म्हणून चैत्रातली कोवळी पानं घेतली. खनिज क्षार आणि मिथेनॉल, बाकी काहीच खाद्य नाही अशा अगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) पान अलगद दाबून उचललं. बुरशी आवरायला सायक्लोहेक्झिमाइड लागतं, नाहीतर ती दोन दिवसांत सगळी प्लेट व्यापते. ही दोन्ही रसायनं विषारी आहेत. त्यामुळे हे काम घरी नाही, ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करतो. मिथेनॉल अगार कोमट झाल्यावर घालायचं. ते ६५ अंशांच्या आसपासच उकळतं, गरम अगारमधून उडून जातं.

सुरुवातीचे दिवस प्लेट कोरीच दिसते. मग हळूहळू अख्खं पान गुलाबी ठिपक्यांत उमटतं, मधली शीर, कडा, सगळं! कितीही वेळा पाहिलं तरी मला त्याचं अप्रूप वाटतंच. पानाच्या खालच्या बाजूचा ठसा वरच्यापेक्षा दाट येतो. बहुतेक कॉलन्या गुळगुळीत आणि चकचकीत होत्या. एक तेवढी फिकट, कोरडी, कडेला सुरकुतलेली. पुन्हा पुन्हा स्ट्रीक करूनही, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून वेगळी वाढवूनही, तिचं रूप बदललं नाही, म्हणून तीच पुढे नेली.

आता मुद्द्याचं. १६एस जनुक साधारण १५०० बेसचं (डीएनए-अक्षरांचं) असतं. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलं तर नवी प्रजाती असण्याची दाट शक्यता. माझा क्रम एकाच वेळी अनेक प्रजातींशी ९९ टक्क्यांच्या वर जुळतो. ‘म्हणजे जुनीच’ असं म्हणून बरेच जण इथे थांबतात, ते मला पटत नाही. या वंशात वेगवेगळ्या प्रजातींचाही १६एस जवळजवळ सारखाच असतो. आकडा खाली गेला तर काही सांगतो, वर राहिला तर इथे फारसं काहीच सांगत नाही. कॅनडातल्या क्वेबेकच्या जंगलात झाडांच्या पानांवरचे मिथायलोबॅक्टेरियम वेगळे ओळखायला संशोधकांनी आरपीओबी हे जास्त फरक दाखवणारं दुसरं जनुक वापरलं, ते याच कारणाने. माझंही पुढचं पाऊल तेच.

त्यातही वेगळेपण दिसलं तर पूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए, वाचायचा. सर्वांत जवळच्या प्रजातीच्या प्रमाण-वाणाशी (त्या प्रजातीचा अधिकृत नमुना ठरलेल्या वाणाशी) सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे डीएनए-अक्षरांचं साम्य, ९५-९६ टक्क्यांच्या खाली आलं, तरच ‘नवी’ हा शब्द तोंडातून काढायचा. मग गुणधर्मांचं वर्णन, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत वाण जमा करणं आणि रीतसर प्रकाशन. आपल्याकडचा एक संग्रह पुण्यातच आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र.

तोवर प्लेटवर फक्त वाणाचा क्रमांक लिहिलाय, नाव नाही. कोणाकडे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या करंजाचे ठसे असतील, तर त्यात अशी सुरकुतलेली फिकट कॉलनी दिसते का ते जरूर बघा. एकाच झाडावरच्या एकाच वाणापेक्षा दूरदूरचे दोन-तीन वाण हाती असले तर वर्णन कितीतरी भक्कम होईल.