आमची वाटचाल : डबा बदलला, माल तोच

आम्ही दोघांनी वेबसाइटवर व्हिडिओ चालवून देण्याचा हा व्यवसाय फ्लॅशच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या एका जोडप्रोग्रॅमच्या, भरवशावर उभा केला, हे सांगताना मला आजही कमीपणा वाटत नाही. भागीदार अ‍ॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेत प्लेअर लिहीत असे आणि मी रात्ररात्र फायली एन्कोड करत, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करत, बसे. आधी सोरेन्सन स्पार्क हा कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) होता, २००५ मध्ये फ्लॅश ८ बरोबर व्हीपी६ आला आणि २००७ च्या अखेरीस फ्लॅशने एच.२६४ ही स्वीकारला. हा शेवटचा बदल पुढे आम्हाला तारणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

एप्रिल २०१० मध्ये आयफोनवर फ्लॅश का नको, हे सांगणारे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांचे खुले पत्र आले आणि ग्राहक धास्तावले. एका स्पर्धकाने (नाव घेत नाही) आमच्या ग्राहकांना गाठून सांगितले की, या फ्लॅशवाल्यांचा सगळा माल भंगारात जाणार असून प्रत्येक व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागेल. हे धादांत खोटे होते. एफएलव्ही या फ्लॅशच्या फायलीच्या डब्यात एच.२६४ मधले चित्र आणि एएसी मधला आवाज असेल, तर ते तसेच उचलून एमपी४ या दुसऱ्या डब्यात ठेवता येतात. एफएफएमपेग या प्रोग्रॅमला एका ओळीची आज्ञा द्यायची, काम काही सेकंदांत होते आणि चित्राला धक्काही लागत नाही. त्या स्पर्धकाने मात्र दाबलेले चित्र पुन्हा दाबले आणि बिल मिनिटांवर लावले.

आम्हीही चुकलो. जानेवारी २०११ मध्ये एका मोठ्या ब्राउझरच्या निर्मात्यांनी एच.२६४ चा आधार काढून घेण्याचे जाहीर केले. त्यावर विसंबून आम्ही कर्ज काढून यंत्रे घेतली आणि सगळा संग्रह वेबएम या एच.२६४ न वापरणाऱ्या प्रकारात उतरवायला घेतला. ती घोषणा कधीच अमलात आली नाही. हप्ते मात्र आले, भागीदार गेला आणि दुकान बंद होण्याच्या बेतात आले.

त्या काळात एक गायनशिक्षिका आमच्याकडे टिकून राहिल्या. त्यांचे धडे फोनवर पूर्ण उतरेपर्यंत सुरूच होत नसत, कारण फायलीची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह अ‍ॅटम, शेवटी होती. ती आम्ही पुढे आणली. व्हीपी६ मधले जुने धडे मात्र नव्याने एन्कोड करणे भाग होते, आणि तेही जमले ते बाईंनी मूळ टेपा तारीख घालून कपाटात जपल्या होत्या म्हणून. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी कोडेक कोणता, यावर वाद घालण्याआधी मूळ प्रत कुठे आहे, हे विचारावे.

पुढची वर्षे सुरळीत गेली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर चालवणेच थांबवले, तेव्हा आमच्याकडे एकाही ग्राहकाची तक्रार आली नाही. पुढे त्या स्पर्धकाकडे गेलेला एक ग्राहक परत आला, कारण मोठ्या पडद्यावर त्याचे चित्र फुटत होते. मी मूळ फायली मागितल्या. त्या एन्कोड झाल्यावर पुसून टाकल्या, असे त्याला सांगण्यात आले होते.