बालेकिल्ला नसलेला किल्ला: कानाझावातला एक दिवस

जपानातल्या कानाझावाचे फोटो दाखवले तेव्हा नवऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, पण यात किल्ला कुठाय?" प्रश्न रास्त होता. हिमेजीला किंवा मात्सुमोतोला असतो तसा मजल्यावर मजले चढवलेला मनोरा इथे नाही. होता, तो १६०२ साली वीज पडून जळाला आणि इथे राज्य करणाऱ्या माएदा घराण्याने तो पुन्हा बांधलाच नाही. तेव्हा तसला फोटो हवा असेल तर सरळ हिमेजी गाठा. दगड, पाणी आणि झाडं बघत रेंगाळायला आवडत असेल तर इथे या, आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवा. आम्ही अर्धाच ठेवला होता आणि दुपारची गाडी सोडून द्यावी लागली.

तोक्योहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने अडीच-तीन तासांत थेट पोहोचता येतं. क्योतो-ओसाकाकडून येणाऱ्यांना मात्र मार्च २०२४ पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. तिथे खालच्या फलाटावरून वर शिनकान्सेनकडे जायचं असतं आणि वेळ मोजकाच मिळतो, म्हणून मोठ्या बॅगा घेऊन शेवटच्या डब्यात बसू नका. कानाझावा स्टेशनात लॉकर आहेत. तिथून 'केनरोकुएन-शिता' हा बसथांबा पंधरा-वीस मिनिटांवर. पैसे उतरताना द्यायचे असतात, सुटी नाणी काढून ठेवा.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो होतो. किल्ल्यासमोरची केनरोकुएन ही बाग पहाटे ठरावीक दारांतून फुकट उघडतात. त्या दिवसांत नेहमीची वेळ आठची असल्याने पावणेआठला फुकट्यांनी बाहेर पडायचं असतं. तिकीट काढून आत राहायचं असेल तर प्रौढांना ३२० येन. साडेसहाला आत शिरलो तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. दोन पायांच्या त्या प्रसिद्ध दगडी दिव्यापाशी आमच्याशिवाय एक आजोबा, बस्स. दिव्याचा एक पाय पाण्यात आणि दुसरा, आखूड झालेला, काठावरच्या दगडावर. 'कोतोजी' म्हणजे कोतो या वाद्याच्या तारांखालची घोडी, तिच्या आकारावरून दिव्याला हे नाव पडलं. दहा वाजता त्याच जागी फोटोसाठी रांग लागली होती.

पण या दिवसांत बघायचं ते दोरखंडांचं काम. इथलं बर्फ ओलं आणि जड असतं, त्याच्या भाराने फांद्या मोडतात. म्हणून खोडाशेजारी उंच खांब उभारून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला गवताची दोरी बांधतात. उघडलेल्या छत्रीच्या काड्याच जणू. याला म्हणतात 'युकित्सुरी'. सुरुवात दरवर्षी १ नोव्हेंबरला कारासाकी पाइनपासून होते. त्या एकाच झाडाला पाच खांब आणि सुमारे ८०० दोऱ्या लागतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दुसऱ्या एका झाडाचं काम चालू होतं. वरच्या माळ्याने दोरी फेकली, खालच्याने ती झेलली, फांदीला वळसा दिला आणि बोटाने टिचकी मारून ताण पाहिला. तबलजी सूर लावताना चाट ऐकतो, अगदी तसा. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो.

बागेच्या खालच्या भागात एक कारंजं आहे, साडेतीन मीटर उंच, आणि त्याला पंप नाही. वरचं कासुमिगाइके तळं आणि हे कारंजं यांच्या उंचीतल्या फरकानेच पाणी उसळतं. पूर्वी याच तत्त्वावर, मधला खोल भाग ओलांडून, पाणी पलीकडच्या किल्ल्यात चढवलं जायचं. १६३१ साली शहर आणि किल्ला आगीत पोळल्यावर माएदा घराण्यातला तिसरा सरदार तोशित्सुने याने साइ नदीचं पाणी दहाएक किलोमीटरवरून आणवलं. १६३२ चा हा 'तात्सुमी' कालवा आजही बागेला पाणी पुरवतो. माझं माहेर संभाजीनगरचं. पाणचक्कीचं पाणी नळांतून वर कसं चढतं हे लहानपणी वडिलांनी दहा वेळा समजावलं होतं, त्यामुळे हे कारंजं पाहून मला घरच्यासारखं वाटलं. नवऱ्याला मात्र एवढंसं कारंजं बघायला इतक्या लांब आणल्याचा राग आला.

बागेतून इशिकावा पुलावरून गेलं की समोर इशिकावा दरवाजा. पुलाखाली आज मोटारी धावतात, पूर्वी तिथे खंदक होता. दरवाजा १७८८ चा, छपरावर पांढुरकी शिशाची कौलं. आत शिरल्यावर घाई न करता दोन्ही बाजूंच्या भिंती बघा. एकीचे दगड काटेकोर तासून बसवलेले, दुसरीचे ओबडधोबड. किल्ल्यात ठिकठिकाणच्या दगडांवर खुणाही कोरलेल्या दिसतात. वर्तुळं, चौकटी, बाणासारख्या रेघा. काम कोणाचं, हे ओळखायच्या त्या खुणा. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात काही ठिकाणी तट ढासळले. त्यांची दुरुस्ती दीर्घकाळ चालणार आहे, त्यामुळे एखादी वाट बंद दिसली तर चिडू नका.

किल्ल्याचा परिसर फुकट आहे. हिशियागुरा बुरूज आणि त्याला जोडलेली लांबलचक कोठारं यांना तिकीट लागतं. ती २००१ साली जुन्या पद्धतीने नव्याने बांधली आहेत. बुरुजाचा पाया चौकोनी नसून शंकरपाळ्यासारखा तिरका, म्हणून आतले खांबही तिरकेच तासलेत. आतले जिने जवळजवळ शिडीइतके उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात, तेव्हा पायात धड मोजे असू द्या. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

बहुतेक लोक इथूनच परततात. तुम्ही पश्चिमेच्या ग्योकुसेन-इन्मारू बागेत उतरा. तीही फुकट. तिथल्या तटात उभ्या आयताकृती दगडांची रचना असून वरच्या पन्हाळीतून धबधबा पडायचा. संरक्षणाच्या भिंतीतून शोभेसाठी पाणी सोडायचं ही चैन मी आजवर एकाही गडावर पाहिली नव्हती. बागेकडे तोंड करून बसता येईल अशी चहाची खोली आहे. कडू हिरवा चहा आणि एक गोड वडी मिळते. गुडघे मुडपून बसणं जमत नसेल तर मांडी घाला, कोणी रागावत नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींनी सावध राहावं. भाज्यांच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. उमे या खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा कुठल्याही छोट्या दुकानात मिळतो, पण पाकिटावरचा मजकूर फोनवर वाचून घ्या. सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम इथली खासियत, कारण जपानातला जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात तयार होतो. वर्खाला चव नाही, ओठाला मात्र तो तासभर चिकटून राहतो.

इथे एक म्हण आहे: डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी आठवणीने आणली होती, छत्री हॉटेलात राहिली. अकराला सुरू झालेला पाऊस चारपर्यंत पडत होता. प्लॅस्टिकची पारदर्शक छत्री शेवटी दुकानातून घेतली. दोघांत एक, आणि माझा डावा खांदा पूर्ण भिजला.